जानेवारीत फिरलेला पंखा

मी पंखा बोलतोय. छताला उलटं लटकून वर्षभर एकच रडगाणं गाणारा नव्हे, टेबलावर ताठ बसून, मान फिरवत सगळ्या खोलीचा समाचार घेणारा. रंग निळा, पाती तीन, बटणं चार. त्यातलं एक बटण काहीच काम करत नाही, पण दिसायला रुबाबदार आहे. घरात आमचे मालक गुणाजी आहेत, यंत्रात ते बटण आहे. दोघांनाही कुणी काढून टाकलेलं नाही.

माझ्या वाऱ्याची ताकद काय वर्णावी! एकदा मला खिडकीकडे तोंड करून लावलं, तर तिकडे धरमतरच्या खाडीत भरलेली बार्ज जेटी सोडून चालायला लागली. खलाशी म्हणाले, भरती होती. म्हणोत बापडे. भरतीला श्रेय घ्यायची सवयच आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण मला घर मिळालं ते रोह्यामुळे. रोह्याशेजारच्या वरसे गावात बाबाजी नावाचे गृहस्थ राहायचे, कंपनीत शिफ्ट करायचे. त्यांच्या मुलीचं, रंभाचं, लग्न ठरलं आणि शिफ्टमधल्या मंडळींनी वर्गणी काढून मला आहेरात दिलं. मांडवात सगळ्या कळशा आणि परातींच्या गर्दीत विजेवर चालणारा मी एकटा. वऱ्हाडातल्या बायका नवरी सोडून मला बघत होत्या. नवरदेवाकडे तर कुणाचं लक्षच नव्हतं, आणि ते बरंच झालं.

नवरदेव म्हणजे गुणाजी. पेणला त्यांचा गणपतीचा कारखाना. तिथं पोहोचल्यावर मला कळलं की मी चुकीच्या घरी नांदायला आलोय. शाडूच्या कच्च्या मूर्तीला वारा लागला की तडा जातो. ओल्या रंगाला वारा लागला की धूळ चिकटते. म्हणजे अख्ख्या पेणमध्ये या घराचा कुणी वैरी असेल, तर तो मी! माझ्या डोक्यावर क्रोशाची टोपी घालून मला कपाटावर बसवण्यात आलं. पाहुणे आले की खाली, गेले की वर. माणसं ज्याला मान देणं म्हणतात, ते बहुधा हेच.

वरून मी सगळं बघत राहिलो. त्या कारखान्यात माती मळणारे होते, साच्यात दाबणारे होते, पितांबर रंगवणारे होते. पण डोळ्यांची आखणी करायची ती रंभानंच. सासऱ्यांनी तिचा हात हेरला आणि ब्रश तिच्याकडे दिला, तो कायमचा. रंभा श्वास धरायची, ब्रशचं टोक टेकवायची, आणि आतापर्यंत मुकाट बसलेली माती एकदम तुमच्याकडे बघायला लागायची. गिऱ्हाइकं यायची ती तिच्या डोळ्यांसाठी. पैसे अर्थातच गुणाजी घ्यायचे, आणि 'कारखाना कसा चालवायचा' यावर भाषणही तेच द्यायचे.

अशी वर्षं गेली. रंभानं पन्नाशी ओलांडली, तिची पाळी गेली, आणि एका जानेवारीत, पेणमध्ये माणसं शेकोटीभोवती बसलेली असताना, तिनं स्टुलावर चढून मला कपाटावरून खाली काढलं. टोपी भिरकावली. बटण दाबलं.

गुणाजी घोंगडी पांघरून चहा पीत होते. त्यांच्या कपातला चहा हलला.

"काय गो, थंडीत पंखा?"

"अंगातनं वाफ निघते माझ्या."

"मग मी काय करू?"

"तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा."

संसारात एवढा स्पष्ट सल्ला मी आधी ऐकला नव्हता.

ती वाफ मी जवळून बघितली आहे, म्हणून सांगतो. छातीपासून सुरू व्हायची, मानेवर चढायची, तोंड लालबुंद. पदर भिजायचा. आणि गेली की कुडकुडायला लागायची. मग मी बंद. पुन्हा चालू. पुन्हा बंद. झोपेचं तर नावच नको. माझ्या उभ्या आयुष्यात मला इतकी मागणी कधी आली नव्हती. मी खूश होतो हो! दुसऱ्याची आग पेटल्याशिवाय पंख्याला कोण विचारतं?

घरानं लगेच उपाय सुरू केले. घर म्हणजे मुख्यतः काशीबाई. या गुणाजींच्या थोरल्या बहीण. गागोद्याहून चार दिवस माहेरी म्हणून आल्या, आणि ते चार दिवस अजून संपायचे आहेत. त्यांनी सब्जा पाजला, कोकम पाजलं, गुलकंद चारला, तळपायाला काशाची वाटी घासली. गुणाजींनी निदान केलं, बीपी. शेजारणीनं केलं, नजर. एवढे तज्ज्ञ एका छपराखाली बसले होते. नाडीला हात मात्र कुणी लावला नाही.

मग श्रावणातली गोष्ट. रोह्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची मोठी मूर्ती आखणीला घेतली होती. मी बंद, कारण ओला रंग. रंभानं श्वास धरला, ब्रश टेकवला, उजवा डोळा झाला, डावा सुरू झाला आणि नेमकी तेव्हाच वाफ आली. कपाळावरचा घाम टपकन देवाच्या डोळ्यावर. काळा रंग ओघळला तो थेट गालापर्यंत. पुसायला गेली तर डाग आणखी पसरला.

गिऱ्हाईक बघायला आलं, डोकं खाजवलं आणि म्हणालं, "गुणाजीशेठ, आमच्या बाप्पाला काय दुःख झालंय?"

मूर्ती पुन्हा रंगवली. पण पुढं आणखी दोघे गणपती रडले. गुणाजींनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "पुढच्या सालापासून आखणीला हैबतराव येईल. हिला आता जमत नाय."

हैबतरावांच्या आखणीबद्दल थोडं सांगतो. त्यांनी डोळे काढलेला गणपती असा दिसतो, की दारात वसुलीवाला उभा आहे. उंदीरसुद्धा त्याच्याकडे बघून कावराबावरा होतो.

रंभा उठली. ब्रश धुतला, फडक्यात गुंडाळला आणि माझ्यासमोर येऊन बसली. मी पूर्ण वेगात फिरलो. डोळे पुसायचं काम मात्र माझ्या वाऱ्याला जमत नाही. बार्ज हलवणं त्यापेक्षा सोपं.

दुसऱ्या दिवशी सायरा आली. रंभाची जुनी मैत्रीण. तिचा नवरा अब्दुल कुवेतला. त्याची बहीणही तिकडेच. तिच्याकडून सायराला अत्तर, खजूर आणि एकदा चक्क पाळी गेल्यानंतरच्या हार्मोनच्या गोळ्या आल्या होत्या. 'मला बरं वाटलं, तू पण घे.' सायरानं घेतल्या. घाम थांबला, झोप लागली, सायरा आठवडाभर गाणी म्हणत फिरली. महिन्या-दोन महिन्यांनी एक पाय भोपळ्यासारखा सुजला. रक्ताची गाठ. अलिबागला दवाखान्यात पडून राहावं लागलं.

"वाचले, अल्लाची मेहेरबानी," सायरा म्हणाली. "पण तुला खरं सांगू का गो, ते गाणीवाले दिवस मस्त होते."

"मग मी काय करू?"

"माझ्यासारखं करू नको. खजूर वाटून खातात, गोळ्या नाय. रोह्याला डॉक्टरीण हाय एक, तिनं मला मागाहून सगळं समजावलं. आधी समजावलं असतं तर! तिच्याकडं जा."

काशीबाई दारातच उभ्या होत्या. डाव्या तळहातावर मशेरी, उजव्या बोटानं दात घासणं चाललेलं.

"अजिबात जायचं नाय!" त्या म्हणाल्या. "हार्मोन म्हणजे कॅन्सर. ह्या सायराचा पाय बघितलास ना? बाईच्या जातीनं सोसायचं असतं. आमी नाय सोसलं?"

आणि असं म्हणत तेच मशेरीचं बोट त्यांनी रंभाच्या नाकासमोर नाचवलं. तंबाखूच्या बोटानं कॅन्सरची भीती घालणारी बाई मी जवळून पाहिली आहे. आता मला मरण आलं तरी चालेल.

रंभा गेली. पण सरळ डॉक्टरकडे जाते असं म्हणण्याची सोय नव्हती, म्हणून ती म्हणाली, "पंखा घरघर करतोय, रोह्याला सायराच्या दिराकडे दुरुस्तीला नेते." इकबालचं तिथं विजेच्या सामानाचं दुकान होतं. झालं! मला चादरीत गुंडाळून एसटीत मांडीवर घेतलं. बाजूच्या माणसानं विचारलं, "किती महिन्यांचा?"

इकबालनं माझं पोट उघडलं, कंडेन्सर बदलला, बुशात तेलाचे थेंब सोडले. "भाभी, तेल बेताचंच लागतं," तो म्हणाला. "जास्त ओतलं तर धूळ धरतो." पाच मिनिटांत काम संपलं. लक्षात घ्या, माझा बिघडलेला भाग बदलताना कुणी भाऊबंदांना विचारलं नाही, कुणी 'पंख्याच्या जातीनं सोसायचं असतं' म्हटलं नाही.

तिथून दवाखाना. डॉक्टरीणबाईंच्या समोरच्या दोन खुर्च्या. एकीवर रंभा, एकीवर मी.

"कुणाला काय होतंय?" बाईंनी चष्म्यावरून विचारलं.

"ह्याचं झालं," रंभा म्हणाली. "आता माझं बघा."

बाईंनी बरंच विचारलं. आईला, बहिणीला स्तनाचा कॅन्सर? पायात, फुप्फुसात कधी गाठ? पाळी गेल्यावर पुन्हा रक्त गेलं का? यकृत, हृदय, बीपी? रंभा नाही, नाही म्हणत गेली. मग तिनं विचारलं ते मनातलं.

"बाई, ह्या औषधानं कॅन्सर होतो म्हणतात. खरं का?"

"थोडं खरं," बाई म्हणाल्या. मला वाटलं, आता हसून उडवतील. नाही उडवलं. "तुमच्या कारखान्यात एका मोसमात किती मूर्ती होतात?"

"हजारभर."

"त्यातल्या काहींना तडा जातोच ना? काहीही केलं नाही तरी?"

"जातो की."

"तसंच आहे. हजार बायकांत काहींना हा कॅन्सर औषधाशिवायही होतो. औषध काही वर्षं घेतलं तर त्यात आणखी थोड्यांची भर पडते. बहुतेकींना काही होत नाही. पण ती भर पडणारी कोण, ते मला आधी सांगता येत नाही. जितकी जास्त वर्षं घ्याल तितका धोका वाढतो, हेही सांगून ठेवते."

"आणि सायराचा पाय?"

"सायराचा पाय बाळंतपणातही सुजला होता, गाठच होती ती. तिला त्या गोळ्या कुणी द्यायलाच नको होत्या. तुम्हाला गोळीऐवजी जेल देता येईल, हाताला लावायचं. त्यात गाठीची भीती गोळीपेक्षा कमी. तुमची पिशवी काढलेली नाही, म्हणून सोबत रात्री एक कॅप्सूल घ्यावीच लागेल; नाहीतर पिशवीचं अस्तर वाढतं आणि तिथं कॅन्सरचा धोका होतो. ती कधी चुकवायची नाही."

"फायदा?"

"ही वाफ बरीच कमी होईल. झोप लागेल. हाडं टिकायला मदत होईल. पुन्हा पंचविशीची होईन म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. साठीनंतर पहिल्यांदा मागायला आला असतात तर मी बहुधा नाहीच म्हटलं असतं. आणि हे नको असेल तर दुसऱ्या गोळ्या आहेत. वाफेला थोड्या उपयोगी, हाडांना नाहीत."

रंभानं थोडा वेळ माझ्या जाळीवर बोट फिरवलं. "तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"मी गणपतीचे डोळे काढत नाही," बाई म्हणाल्या. "वाफ ज्यांना सहन होते त्यांना मी म्हणते, थांबा, काही वर्षांत ओसरते बहुतेकींची. तुमचं त्या काही वर्षांत काय जाणार, ते तुम्हालाच ठाऊक. तपासण्या करून या, घरी बसून तोला, मग सांगा."

घरी बसून तोला! बाई शिकलेल्या होत्या, पण काशीबाईंना ओळखत नव्हत्या.

तपासण्या झाल्या, सगळ्या ठीक आल्या. चिठ्ठी आणि जेलची नळी घरात आली. ती नळी मी पाहिली. बोटाएवढी. ना पाती, ना बटणं, ना आवाज. ही माझा धंदा बसवणार! मी तिच्याकडे मान फिरवून फिरवून खुन्नस दिली. तिला वाटलं मी वारा घालतोय.

काशीबाईंनी फर्मान काढलं, "देवाचा कौल घेतल्याशिवाय हात लावायचा नाय."

कौल म्हणजे आमच्याकडे देवाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. रीत जुनी आहे, देवळातली आहे. पण त्या दिवशी देवळापर्यंत चालायचा काशीबाईंना कंटाळा. त्यांनी कारखान्यातल्याच एका मूर्तीपुढे पाट मांडला. पांढरा गणपती, रंग नाही, प्राणप्रतिष्ठा नाही, वर बुकिंग झालेला.

"वन्स," रंभा म्हणाली, "त्याला अजून डोळे नायत. त्याला काय दिसणार?"

"कान तर मोठे हायत ना!"

यावर गुणाजींनीही मान डोलावली. सायरा मुद्दाम बघायला आली होती, ती पदराआड हसत होती. काशीबाईंनी जास्वंदीच्या दोन पाकळ्या भिजवून दोन्ही खांद्यांना चिकटवल्या, मशेरीची डबी उघडी मूर्तीच्या पायाशीच ठेवली आणि गाऱ्हाणं सुरू केलं. ते गाऱ्हाणं गागोद्याच्या भावकीपासून निघालं. पाकळ्या ढिम्म. उकाडा मी म्हणत होता. अखेर काशीबाईंनाच घाम फुटला.

"गुणाजी, लाव रे तो पंखा."

गुणाजींनी आयुष्यात पहिल्यांदा बरोबर बटण दाबलं. नवा कंडेन्सर, ताजं तेल, आणि समोर मी! दोन्ही पाकळ्या एकदमच उडाल्या. एक गुणाजींच्या टकलावर. दुसरी गिरक्या घेत घेत सरळ मशेरीच्या डबीत.

सगळ्यांनी डबीत वाकून पाहिलं. मग सायरानं तोंडावरचा पदर सोडला.

"काशीमावशी, देवानं सांगितलं गो! काय सोडायचं ते!"

रंभा हसली. किती महिन्यांनी हसली, ते मला माहीत आहे. हसता हसताच खाली बसली, आणि मग हसू थांबलं.

"वन्स, ऐका," ती म्हणाली. "धोका हाय. मला सायराचा पाय दिसतो, मला कॅन्सरची भीती वाटते. नाय वाटत असं नाय. पण हे डोळे सोडले तर मी हितं बसून काय करू? हैबतरावाचे डोळे बघू? एक साल घेऊन बघते. दर सालाला बाईंकडं जाते, तपासते. काय उलटं वाटलं, रक्त दिसलं, पाय दुखला, त्याच दिवशी थांबवते. बाकी देवाला आधी डोळे काढते, मग त्यानंच बघावं."

काशीबाई डबीतली पाकळी काढत म्हणाल्या, "सांगून ठेवते, मी नाय जबाबदार."

"तुमी कधी होता?" रंभा म्हणाली.

आता तुम्हाला वाटेल, नळी लावली आणि चमत्कार झाला. कसला! पहिले काही आठवडे तर काहीच नाही. स्तन दुखायचे, रंभा घाबरायची, बाईंना फोन करायची. मी मनात म्हणायचो, बघ, शेवटी पंखाच कामाचा. मग हळूहळू मला बोलावणी कमी झाली. दिवसातून कितीदा तरी होत होती, ती एखाद्या वेळेवर आली. ती रात्रभर झोपायला लागली आणि मी रात्रभर रिकामा जागा.

पुढच्या मोसमात हैबतराव खरंच आले, हातात ब्रश घेऊन. रंभानं त्यांना चहा दिला, पोह्याचे पापड दिले, आणि पाटावरची आखणीची पहिली मूर्ती स्वतःपुढे ओढली. कपाळ कोरडं. हात स्थिर. श्वास धरला, ब्रश टेकवला, उचलला. हैबतराव मूर्तीकडे बघत राहिले, मूर्ती हैबतरावांकडे बघत राहिली. हैबतरावांनीच आधी नजर खाली घेतली. गुणाजी तिथंच उभे होते. म्हणाले, "मी म्हणतच होतो, हिला जमेल." ते काहीच न करणारं बटण!

मला पुन्हा टोपी चढली. कपाटावरून मी दर वर्षी बघत होतो. दिवाळीनंतर ती रोह्याला जाते, छाती तपासते, बीपी बघते, बाईंबरोबर पुन्हा पहिल्यापासून तोलते. एक वर्ष म्हणता म्हणता बरीच झाली. काशीबाईंनी मशेरी सोडली नाही. कौल त्यांना मान्य नव्हता, म्हणे पंख्यानं दिलेला होता. बघा! एवढं मोठं देवपण मला मिळालं होतं, तेही या बाईनं नाकारलं.

या वर्षी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता औषध कमी करत करत थांबवून बघू या का?" रंभा घरी आली, स्टूल घेतलं, मला खाली काढलं. जाळी उघडून पाती ओल्या फडक्यानं पुसली. "लागलास तर असावास," एवढंच म्हणाली. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, ब्रश काढला, श्वास धरला, आणि माझ्या जाळीच्या मधल्या गोल चकतीवर दोन डोळे काढले. अस्सल रंभाचे.

आता मी तिच्याशेजारी टेबलावर बसलोय. बंदच आहे. कधी कधी तिची मान लाल होते, ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे बघतो, आणि बऱ्याचदा ती वाफ बटणापर्यंत हात जायच्या आतच ओसरते. नाही ओसरली तर मी आहे. बार्ज हलवणाऱ्याला काय अवघड!

जाता जाता तुमच्याकडे एक मागणं. उद्या तुमच्या घरात कुणी बाई भर थंडीत म्हणाली, पंखा लाव, तर घोंगडीतून 'का गो?' म्हणून विचारू नका. आधी बटण दाबा. मग तिला सोबत घेऊन डॉक्टरकडे जा. आणि तिथं दुसऱ्या खुर्चीवर तुम्ही बसा. दर वेळी पंख्यानंच किती ठिकाणी बसायचं?